जिभेला चिकटणारे हाड

शनिवार, ८ फेब्रुवारी

घटना क्रमाने मांडते. मत नंतर.

पहिली: आज सकाळी आम्ही चौघे — मुलगा, सूनबाई, नात आणि मी — वस्तुसंग्रहालयाचे नवे अश्मयुगीन दालन पाहायला गेलो. दुसरी: दालनाच्या मधोमध एक लांब टेबल आहे. त्यावर 'हात लावून पाहा' अशी पाटी असून संग्रहातल्या काही वस्तू लाकडी खणांत, काचेविना मांडल्या आहेत. तिसरी: त्यांपैकी हाडाचे एक अणकुचीदार अवजार नातीने उचलले आणि त्याचे टोक जिभेला लावले. चौथी: परतताना गाडीत मला त्या खणांचा वास आठवला, आणि तो कुठल्या कपाटांचा वास आहे तेही आठवले.

एवढेच घडले. याहून अधिक काही घडले आहे असे म्हणायला या घटकेला माझ्याकडे आधार नाही.

तरी अक्षर बिघडते आहे. माझे अक्षर बिघडत नाही.

आता मत. दालन बरे आहे. बरे म्हणजे पूर्वीच्या मानाने. प्रकाशयोजना सुसह्य. हातकुऱ्हाड मात्र उलटी टांगली आहे — टोक वर, मूठ खाली, जणू ती कोणी भेट म्हणून दिलेली ढाल आहे! ज्याने टांगली त्याने ती आयुष्यात एकदाही मुठीत धरलेली नाही. पाती काढून झाल्यावर उरणाऱ्या दगडी गाभ्याला पाते म्हटले आहे. अभिरक्षक माझाच जुना विद्यार्थी. दारातच म्हणाला, "बाई आल्या, आता चुका निघणार." मी त्याला निराश केले नाही.

सूनबाई दंतवैद्य. ती सारा वेळ जबड्यांच्या कपाटापाशी होती. अक्कलदाढ किती ऐसपैस बसली आहे पाहा, म्हणाली. आपल्या तोंडात तिला जागाच उरली नाही. मुलगा म्हणाला, दाढेला जागा नाही, पण बोलायला आहे. मग दोघे माझ्याकडे पाहून हसले. मी दुर्लक्ष केले.

खारू टेबलापाशी होती. (खार हे नाव तिच्या बापाने ठेवले — गालात काहीतरी दडवून ठेवायची तिला तान्हेपणापासून सवय.) सोमवारी तिच्या वर्गाची सहल याच दालनात आहे, आणि तिला सगळ्यांच्या आधी पाहायचे होते. हा गुण माझा. तिने ती हाडाची आरी, कातड्याला भोके पाडायचे टोचे, उचलली, इकडेतिकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि जीभ लावली.

"चिकटलं, आजी!"

ही परीक्षा मीच तिला शिकवली. जुने हाड सच्छिद्र असते. जिभेचे पाणी शोषते आणि क्षणभर धरून ठेवते. दगड धरत नाही. उत्खननात आम्ही सगळे हेच करत आलो. मातीतून निघालेल्या हाडाला जीभ लावण्यात काडीचाही धोका नाही — त्यावर माती असते, दुसरे काही नसते.

संग्रहालयातल्या हाडावर दुसरे काही असू शकते.

खणांना डांबरगोळ्यांचा वास होता. तो संग्रहालयाच्या तळघरातल्या जुन्या कपाटांचा. त्या कपाटांत पूर्वी कातडे, पिसे, लाकूड आणि हाडे एकत्र ठेवत, आणि कीड लागू नये म्हणून सरसकट सगळ्यांवर सोमल फासत. सोमल. उंदरांना घालतात ते विष. सोमलाला स्वतःचा वास नसतो, पण ज्या कपाटांना हा वास त्याच कपाटांत तो असे. जुन्या संग्रहातली वस्तू हातमोज्यांवाचून हाताळू नये, हे वाक्य मी प्रत्येक नव्या वर्गाला पहिल्याच तासाला सांगत असे. मी! आणि आज मी शेजारी उभी होते.

घरी कोणाला सांगितलेले नाही. हाडावर काय आहे हे मला ठाऊक नाही. ठाऊक नसलेल्या गोष्टीचे विधान मी करत नाही. पुराव्याआधी बोभाटा ही बाजारातल्या लोकांची रीत.

खारू आत गाणे म्हणते आहे. मी दार उघडे ठेवले आहे. गाणे थांबले की कान टवकारते.


रविवार, ९ फेब्रुवारी

सकाळी तिने टोस्ट खाल्ला नाही. तोंडात नाणं ठेवल्यासारखं लागतंय, म्हणाली. बापाने विचारले, नाणं कधी चाखलंस? ती म्हणाली, सांगणार नाही. दोघे हसत होते.

तोंडाला धातूची चव. ही कशाची पहिली खूण असते ते मला कोणी शिकवायला नको.

अर्थात तिचा दातही हलतो आहे. हिरडीतून रक्त आले की तशीच चव येते. हे सूनबाईनेच सांगितले, तोंडात विजेरी मारून पाहिल्यावर. तिचा शब्द दातांच्या बाबतीत प्रमाण. मी तो दोन्ही हातांनी धरला.

नंतर ती ओट्यापाशी एकटी होती. मी सांगायला गेले. वाक्य मनात तयार होते, कर्ता-कर्म-क्रियापद सगळे जागच्या जागी. दारात उभी राहिले. ती वळून म्हणाली, "काय हवंय, आई?"

मी म्हणाले, खिडकीचा पडदा वाकडा बसला आहे.

तो वाकडा होताच. तिने सरळ केला. स्टुलावर चढून तो ओढताना तिच्या जबड्याचा स्नायू हलला, तेव्हा मला वाटले, आता सांगावे. नाही सांगितले.


रविवार, दुपार

खारूने एक अख्खे सफरचंद खाल्ले. सालीसकट. हसली, भांडली, पुन्हा हसली. मूर्ख आहे मी.


सोमवार, १० फेब्रुवारी

मुलगा काल संध्याकाळी पुलाच्या कामावर परत गेला. घरात आम्ही तिघी.

खारू सहलीला गेली. जाऊ नको म्हणायला कारण द्यावे लागले असते. दारात तिचा डबा हातात देताना एवढेच म्हणाले की, तिथल्या वस्तूंना हात लावत बसू नकोस. तिने मला पाटीची आठवण करून दिली. "हात लावून पाहा असं लिहिलंय, आजी. वाचता येतं मला." गाल फुगवून गेली.

ती गेल्यावर अभिरक्षकाला फोन केला. वर्गात याला बाकीची मुले 'उद्या' म्हणत. कोणतेही काम सांगा, याचे उत्तर ठरलेले. टेबलावरच्या वस्तू तळघरातल्या का, असे विचारले. हो म्हणाला, मूळ ठिकाण माहीत नसलेल्या, अभ्यासाला निरुपयोगी. मुलांना हाताळायला उत्तम. (निरुपयोगी! ती आरी पाहताच कोणालाही कळावे की तिने कातडी भोसकली आहेत. वस्तूला गाव नाही म्हणून ती मुकी होत नाही.) बाहेर काढण्यापूर्वी काय केले? ओल्या फडक्याने पुसून घेतल्या, बाई. पुसण्याआधी त्यांवर काय होते? धूळ. आणि धुळीखाली?

तो म्हणाला की जुन्या लोकांनी काय फासले याची कुठे नोंदच नाही, पण काळजीचे कारण दिसत नाही.

"दिसत नाही की नाही?"

"बघून सांगतो, बाई."

"लेखी सांग."

"लेखी कशाला? आपण घरचेच."

मागे मुलांचा गलका ऐकू येत होता. आज शाळा आली आहे, धांदल आहे, म्हणून त्याने फोन ठेवला.

संध्याकाळी खारू आली ती भलतीच खूश. वर्गात आज तिचा भाव वधारला म्हणे. का ते सांगेना. गालात ठेवले आहे, म्हणाली.

जेवली कमी.


मंगळवार, ११ फेब्रुवारी

पहाटे उलटी. मग पुन्हा. मी भांडे धरले. कपाळ थंड, घामाने चिकट. डोळे मोठे झालेले. "आजी, पोटात कुणीतरी पिळा मारतंय." एवढ्याशा अंगातून एवढे काय बाहेर येते! सूनबाईने मीठसाखरेचे पाणी पाजले, चमच्याचमच्याने, न घाबरता. ही बाई घाबरत कशी नाही?

आता सांगायचे, असे ठरवले. पाय धुऊन आले, केस नीट केले, समोर बसले. तोंड उघडले.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. शाळेतून. तिने ऐकून घेतले आणि माझ्याकडे वळली.

"निम्मा वर्ग आजारी आहे, आई. सगळ्यांना हेच. काहीतरी साथ आलीय."

शाळेची पाण्याची टाकी तपासणार आहेत म्हणे.

मी उघडलेले तोंड मिटले. मला रडू आले. सूनबाईला वाटले नातीच्या काळजीने. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, होईल बरी, तुम्ही थोडं पडा बरं. कधी नव्हे ते मी तिचे ऐकले.

आता शांतपणे लिहिते. हाडाला जीभ लावणारी मुलगी एक. आजारी मुले अनेक. एकाच वेळी अनेकांना जडलेल्या एकाच आजाराचे कारण सर्वांना समान असले पाहिजे. हाड सर्वांना समान नाही. पाणी समान आहे. म्हणून कारण हाड नव्हे. यात फट नाही. बाजू बदलून पाहिली, उलट क्रमाने तपासली. विद्यार्थ्याने मांडले असते तर पूर्ण गुण दिले असते.

आणि मी आधीच बोलले असते तर? फुकटची घबराट, अभिरक्षकाची बदनामी, माझे हसे. पुराव्याची वाट पाहणे योग्य होते. पुरावा आला.

दुपारी झोपले. शनिवारपासून पहिल्यांदा.


बुधवार, १२ फेब्रुवारी

टाकीचे पाणी स्वच्छ निघाले.

सूनबाईने हे सहज सांगितले, कपड्यांच्या घड्या घालताना. आणि असेही की साथ म्हणावी तर वरच्या आणि खालच्या वर्गांत एकही आजारी नाही, शिक्षिका ठणठणीत आहेत. वर्गातली दोन मुले इस्पितळात आहेत. बालरोगतज्ज्ञ बुचकळ्यात पडले आहेत, प्रत्येक आईला विचारत आहेत की मुलांनी एकत्र काय खाल्ले.

पाणी नाही. मग समान काय?

मी चप्पल घातली. पाय मोकळे करून येते, असे सांगितले. खारू पलंगावर होती, ओठ सुकलेले, पण चित्रे काढत होती. माझेही काढले आहे — मोठे डोके, खाली काठीएवढे शरीर, हातात भिंग.

ते भिंग पिशवीत होतेच.

दालनात वर्दळ नव्हती. टेबल तसेच उघडे. एक आई तिच्या बाळाला कडेवर घेऊन खणावर वाकली होती; बाळाचा हात पुढे आला आणि मी तो धरला. बाई माझ्यावर डाफरली. मी क्षमा मागितली नाही. लांब घेऊन जा त्याला, एवढे म्हणाले. माझा चेहरा पाहून ती खरेच लांब गेली.

मग आरी पाहिली. हातरुमालात धरून, खिडकीजवळ नेऊन, भिंगाखाली.

माझे सारे आयुष्य या एका कामात गेले आहे: अवजाराची झिजलेली धार पाहायची आणि ती कशाने झिजली ते सांगायचे. मांस कापले की वेगळी चमक, वेत कापला की वेगळी. हाताने काय केले ते हात मेल्यावर हजारो वर्षांनी सांगायचे. परिषदांमध्ये लोक माझ्यापुढे पेट्या उघडून गप्प उभे राहत.

आरीच्या मुठीकडच्या चिरांत पांढरी पूड आहे. बारीक, पिठासारखी, ओल्या फडक्याने दबलेली, गेलेली नाही. मधल्या भागातही आहे. टोकाकडे नाही. टोक स्वच्छ आहे. नुसते टोक नव्हे — बोटाच्या पेराएवढा पट्टा, सगळ्या बाजूंनी, चिरांच्या तळापर्यंत स्वच्छ. कडेला पूड ओली होऊन वाळल्याच्या रेषा. एकीवर एक, वेगवेगळ्या उंचीवर. कोणी पुढे लावली, कोणी अधिक आत.

एका जिभेचे हे काम नाही.

कितीतरी वेळ भिंग डोळ्याला लावून उभी होते, कारण ते काढले असते तर पाहिले ते खरे झाले असते.

अभिरक्षकाला बोलावले. त्याला भिंग दिले. तो माझाच विद्यार्थी. त्याला वाचता येते. वाचले. रंग उतरला. टेबल आत्ता बंद कर, म्हणाले. तो म्हणाला, वरिष्ठांची परवानगी लागेल, तिला एकदोन दिवस... मी माझी शाल काढली आणि टेबलावर पसरली. जेवढी पुरली तेवढी. उरलेल्या भागापुढे खुर्ची ओढून बसले. मग टेबल आत नेले गेले. परवानगी लागली नाही.

जाताना तो जिन्यात हळूच म्हणाला, "बाई, तोंडी हवं ते विचारा. लेखी नको. माझं घर चालतं यावर."

मी त्याला मूर्ख म्हणणार होते. पण तो मला माझ्याच स्वरात बोलल्यासारखा वाटला. पुरावा नाही तोवर विधान नाही.

घरी आले. शाल संग्रहालयातच राहिली. विसरले म्हणून नव्हे. तिला आता हात लावू नये.


गुरुवार, १३ फेब्रुवारी

खारूला विचारले. पलंगाच्या कडेला बसून, केसांतून हात फिरवत, अगदी सहज विचारल्यासारखे — माझा आवाज मलाच परका वाटत होता. सोमवारी सहलीत काय केलेस गं?

तिला वाटले कौतुक करायला आले आहे. बसती झाली. तिने सगळ्यांना परीक्षा दाखवली. आधी कोणी विश्वास ठेवेना. मग तिने स्वतः करून दाखवले. मग सगळ्यांना करायचे होते. शिक्षिका पलीकडच्या कपाटापाशी समजावून सांगत होत्या, इकडे यांनी रांग लावली. ढकलाढकली झाली तर खारूने शिस्त लावली. एका मुलाला चिकटले नाही, म्हणून त्याला पुन्हा संधी दिली.

"तो म्हणाला चिकटतच नाही. मी म्हटलं, नीट लाव, आतपर्यंत. मग चिकटलं."

तो मुलगा इस्पितळात आहे. पहिल्या दोघांपैकी एक.

मी उठले. ओट्यापाशी गेले. या वेळी दारात थांबले नाही. सूनबाईला सगळे क्रमाने सांगितले: शनिवारचे टेबल, आरी, जीभ, डांबरगोळ्यांचा वास, सोमल, फोन, पांढरी पूड, रांग. मध्ये थांबले नाही. ती भांडे घासत होती. नळ बंद केला. हात पुसले. एकेक बोट पुसत होती.

"शनिवारी का नाही सांगितलंत?"

मी म्हणाले, पुरावा नव्हता.

"मला पुरावा नको होता, आई. मला नुसतं कळायला हवं होतं. मी तिला सोमवारी पाठवलंच नसतं."

तिचा आवाज चढला नाही.

मग तिने बालरोगतज्ज्ञांना फोन केला, शाळेला फोन केला, एकेका आईला फोन केला. प्रत्येकीला तेच सांगितले, तितक्याच नीट. माझे नाव कुठेच घेतले नाही. एका हाडाला मुलांनी जीभ लावली, एवढेच. ऐकताना वाटत होते, घ्यावे तिने.

संध्याकाळी खारूला दाखल केले. पाठोपाठ बाकीच्यांनाही. डॉक्टर मला बाहेर भेटले. तपासणीला नमुने दुसऱ्या शहरात गेले आहेत, निकालाला वेळ लागणार. सोमल असेल तर त्यावर औषध आहे, पण ते औषधही साधे नाही, लहान मुलांना अंदाजाने देता येत नाही. जुन्या वस्तूंवर सोमलच फासत असे नाही, पाऱ्याचे क्षारही फासत. त्याचा उपचार निराळा. मी काही सांगण्याआधी त्यांनीच विचारले, तुम्ही या विषयातल्या, असं कळलं. काय असावं?

मी म्हणाले, 'असावे' यावर मी कधी बोलले नाही.

त्यांनी खिशातले पेन काढून हातात धरले. मग मी म्हणाले, सोमल. बहुधा. आयुष्यात पहिल्यांदा बहुधा म्हणाले आणि तो शब्द एवढा जड असतो हे ठाऊक नव्हते.

'बहुधा'वर औषध देता येणार नाही, डॉक्टर म्हणाले. संग्रहालयाला ठाऊक असेल. त्यांच्याकडून कळवून घ्या. लेखी. तोंडी शब्दावर मी सुई टोचणार नाही.

अभिरक्षकाने फोन उचलला. तळघरात जुन्या बरण्या आहेत, म्हणाला. त्यांवर काय लिहिले आहे? वाचून सांगतो, बाई. केव्हा?

उद्या.

मुलगा कामावरून येऊन रात्रीपुरता खारूपाशी थांबला. परतताना गाडीत सूनबाईने विचारले, वर्गाला दाखवायचं हे तिच्या डोक्यात आलं कुठून. मी म्हणाले, मुलांना दाखवायची हौस असते.

हे वाक्य खरे आहे. पूर्ण नाही.


शुक्रवार, १४ फेब्रुवारी

सकाळी संग्रहालयाला पाठवलेल्या पत्राची प्रत. पाठवण्याआधी सूनबाईला वाचायला दिली. तिने मधल्या एका ओळीवर बोट ठेवले, बराच वेळ. मग एक स्वल्पविरामही न बदलता परत दिली आणि इस्पितळात गेली.

'घटना क्रमाने.

पहिली: जुने हाड जिभेने ओळखावे, हे माझ्या नातीला मी शिकवले.

दुसरी: शनिवारी तुमच्या टेबलावरच्या आरीला तिने जीभ लावली तेव्हा मी शेजारी उभी होते. मी रागावले नाही. शाबास म्हणाले, आणि म्हणाले: सोमवारी वर्गातल्या सगळ्यांना दाखव. तिने माझे ऐकले.

तिसरी: सोमवारी सकाळी, मुले तुमच्या दालनात असताना, मी तुम्हाला फोन केला. टेबल बंद करा, हे तीन शब्द मी बोलले नाही.

चौथी: ती मुले आता इस्पितळात एकाच दालनात आहेत आणि त्यांचे डॉक्टर वाट पाहत आहेत.

या चारही गोष्टी माझ्या हस्ताक्षरात आहेत; कोणालाही दाखवाव्यात. तळघरातल्या बरण्यांवर काय लिहिले आहे आणि त्या आरीवर काय फासले होते, ते आज दुपारच्या आत डॉक्टरांना कळवावे. 'बहुधा' लिहायचे असेल तर तेही लिहावे, पण लिहावे. खाली माझी सही आहे. मला तुमची हवी. तोंडी उत्तर चालणार नाही.'